एका खाचरात हजारो बदकं, शेजारच्यात एकही नाही: असं का?

कोलुसाकर

उत्तर कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो खोऱ्यात राहतो. इथे भात पिकतो हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. चांगल्या पाण्याच्या वर्षी पाचेक लाख एकर भात असतो. मी भात सुकवणाऱ्या कारखान्यात काम करतो, त्यामुळे निम्मे सहकारी शेतकरी आणि उरलेले निम्मे बदकांचे शिकारी. काही जण दोन्ही. मी स्वतः बंदूक धरत नाही, पण हिवाळ्यात त्यांच्याबरोबर बांधावर जाऊन बसतो.

धाग्याचं कारण हे. भात कापला की शेतकरी खाचरांत पुन्हा पाणी भरतात. वरून बघाल तर सगळी खाचरं सारखीच, तांबूस पाणी आणि कापलेले सड. तरी एका खाचरात बदकांची झुंबड आणि बांधापलीकडे शुकशुकाट. जुने शिकारी गाडीतूनच नजर टाकून सांगतात, ‘यात बसतील, त्यात नाही.’ मला वाटायचं हा नुसता अंदाज. पण ते आधी पाण्याची खोली बघतात, मग कापणी कशी झाली ते, आणि सगळ्यांत शेवटी बदकं.

खोलीचं गणित सोपं आहे. मॅलार्ड, तलवार बदक, टील ही बुडी मारणारी बदकं नव्हेत. ती शेपूट वर करून, मान खाली घालून तळातलं खातात. चोच पोचेल तेवढंच त्यांचं ताट. वीतभर पाणी म्हणजे उत्तम, चार बोटं असलं तरी चालतं. गुडघाभर झालं की तळाशी पोतंभर भात पडलेला का असेना, त्यांना त्याचा उपयोग नाही. शेजारच्या ज्या खाचरात एकही नव्हतं, तिथे बहुतेक वेळा पाणी जास्त होतं. बाकीचं ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घाला.

गोदाकाठ

मस्त धागा. आमच्याकडे निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला हेच दिसतं. गोदावरी-कादवा संगमावरचा बंधारा शंभर वर्षांहून जुना, गाळाने निम्मा भरलेला. पाटबंधारेवाल्यांच्या दृष्टीने ही रड, बदकांच्या दृष्टीने पंगत. पाणी उथळ, ऊन तळापर्यंत पोचतं, पाणवनस्पती माजतात. खोल धरणावर बदकं दिसतात, पण ती मधोमध विश्रांतीला बसलेली असतात, जेवायला नव्हे. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं ते हेच. एका अर्थी ती गाळाचीच कृपा.

पाणकावळा

बसलेलं बदक आणि खाणारं बदक यांत फरक करायला हवा, हे गोदाकाठ यांनी बरोबर सांगितलं. पक्षीगणनेत आपण नुसते आकडे लिहितो. दुपारी तळ्यावर पाचशे बदकं दिसली म्हणजे ते तळं ‘चांगलं’ असं नाही. ती रात्री कुठे जातात ते बघायला हवं.

कोलुसाकर

@पाणकावळा, नेमकं. इथे बंदूक चालवायला मुभा सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत. बदकांना घड्याळ कळत नाही, पण वेळ बरोबर कळते. दिवसा ती सरकारी अभयारण्याच्या बंद भागात बसून राहतात. अंधार पडला की थवेच्या थवे उठून भाताकडे जातात आणि पहाटे परततात. म्हणून शिकारीच्या हंगामात दिवसा भरलेली जागा आणि त्यांच्या जेवणाची जागा या दोन वेगळ्या निघतात. शिकाऱ्यांना हवी असते या दोहोंमधली वाट.

अभयारण्यात शिकार कशी, असं कुणी विचारायच्या आत सांगतो. इथल्या ‘वाइल्डलाइफ रेफ्यूज’मध्ये ठरलेल्या भागात शिकारीला परवानगी असते. सॅक्रामेंटो रेफ्यूज १९३७ सालचं. हंगामात फक्त बुधवार, शनिवार, रविवार, तेही सोडतीत नंबर लागला तर.

आणि ही अभयारण्यं काढण्यामागे एक कारण बदकांना भातापासून लांब ठेवणं हेही होतं. खोऱ्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नैसर्गिक दलदल आटवून शेतं केली. मग भुकेली बदकं उभ्या भातात उतरायला लागली. तेव्हा सरकारने ठरवलं की त्यांना वेगळं वाढून द्या, म्हणजे ती शेतकऱ्याच्या पानात हात घालणार नाहीत.

शाकाहारी_वाघ

माहिती छान आहे पण एक विचारतो. एवढं त्यांचं खाणंपिणं अभ्यासायचं ते मारायलाच ना? हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याला गोळी घालायची, यात कौतुक कसलं?

अंबाडी

वाघोबा, +१. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद झाली. बरं झालं.

कोलुसाकर

तुमचा आक्षेप मान्य, मीही मारत नाही. पण दोन गोष्टी तुमच्या कानावर असाव्यात. बदकाच्या शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी ‘डक स्टँप’ घ्यावा लागतो. १९३४पासूनची पद्धत. आता किंमत २५ डॉलर, आणि त्यातले ९८ टक्के पाणथळ जागा विकत किंवा कराराने घेण्यात जातात. दुसरं म्हणजे खासगी क्लबांनी शिकारीसाठी राखलेली दलदल. ती नसती तर तिथे आज बदामाच्या बागा असत्या. यामुळे मारणं योग्य ठरतं असं मी म्हणत नाही. पण बदकाच्या पोटात काय जातं याची सगळ्यांत जास्त काळजी त्याला मारणाराच करतो, हे इथलं वास्तव आहे.

दक्षिणवारा

अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातून लिहितो. आमच्याकडचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. स्टटगार्ट नावाचं गाव, भात आणि बदकं या दोनच गोष्टींवर चालतं. १९३६पासून तिथे बदकाची हाक काढायची स्पर्धा भरते. जगभरचे लोक लाकडी शिट्टी घेऊन येतात, मी एकदा ऐकून आलोय, कान बधिर होतात.

पण खरी शिकार होते जंगलात. नदीकाठच्या सखल ओकच्या रानात हिवाळ्यात पाणी भरतं, झाडांच्या बुंध्यांमधून मॅलार्ड उतरतात आणि बुडालेली ओकची फळं वेचतात. आख्खीच्या आख्खी गिळतात. विलो ओक, नटॉल ओक अशा तांबड्या ओकांची फळं बारीक, बदकाच्या घशातून जातील एवढी.

आता गंमत बघा. बदकं लवकर यावीत म्हणून वर्षानुवर्षं ही रानं शरद ऋतूतच भरून टाकायची पद्धत पडली. झाड पुरतं झोपी जायच्या आत मुळं पाण्याखाली. एखाद्या वर्षी चालतं, दरवर्षी केलं तर तांबडे ओक खंगतात, मग मरतात. त्यांच्या जागी ओव्हरकप ओक येतो. त्याला पाणी सोसतं, पण त्याचं फळ एवढं मोठं की मॅलार्डला गिळता येत नाही. म्हणजे रान तेच, पाणी तेच, झाडंही ओकचीच, आणि बदकाला खायला काही नाही! बायू मेटोसारख्या नावाजलेल्या सरकारी शिकार-रानात राज्याच्या वन्यजीव खात्याने आता उशिरा पाणी भरायचं धोरण आणलंय. त्यावर शिकारी खवळलेत, कारण हंगामाच्या सुरुवातीला रान कोरडं दिसतं.

गोदाकाठ

@दक्षिणवारा, हे ‘दरवर्षी एकाच वेळी भरलेलं पाणी’ प्रकरण आमच्या धरणांना लागू आहे का याचा विचार करतोय. जायकवाडी किंवा उजनीला उलट होतं. जलाशय पावसाळ्यात भरतो आणि हिवाळा-उन्हाळ्यात हळूहळू उतरत जातो. पाणी मागे हटेल तशी ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते. कीटक, अळ्या, कोवळं गवत सगळं तिथेच. बदकं त्या काठाबरोबर सरकत जातात. मागच्या महिन्यात जिथे थापटे (शॉव्हेलर बदकं) होते तिथे आज गाळपेऱ्याचा हरभरा उगवलेला असतो. आणि त्या हरभऱ्यात चक्रवाक आणि पट्टकदंब चरायला येतात, शेतकरी डबे वाजवत फिरतो. कॅलिफोर्नियातला शेतकरी आणि आमचा शेतकरी इथे एकाच जातीचे.

पाणकावळा

पाण्याची वेळ आणि झाडोरा यावर भारतातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण भरतपूरचं. केवलादेव हे मुळात महाराजांनी शिकारीसाठी बांधून काढलेलं तळं. सखल जमिनीला बांध घातले, कालव्याचं पाणी वळवलं. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तिथे दगडावर कोरून ठेवलंय, कुणीही जाऊन वाचावं. एवढे पक्षी एका दिवसात पडतात म्हणजे तिथे किती खायला असेल, असा विचार माझ्या मनात पहिल्यांदा तो दगड वाचूनच आला.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली गुराचराईवर बंदी आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, त्यात माणसं गेली. म्हशी गेल्या, आणि एक पाणगवत, पास्पालम, तळ्यांवर मोकाट पसरलं. मोकळं पाणी झाकलं गेलं, बदकांना खाली उतरायला जागा राहीना. बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) तिथे दहा वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की म्हशी त्या तळ्याच्या व्यवस्थेचा भाग होत्या. म्हैस गवत खायची, बदकाला पाणी मोकळं मिळायचं.

शाकाहारी_वाघ

हे म्हशीचं माहीत नव्हतं. म्हणजे ‘हात लावू नका, निसर्ग बघून घेईल’ हे नेहमी चालत नाही तर.

बाल्टिमोरचा_बंड्या

बुडी मारणाऱ्या बदकांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्या घरापासून जवळ, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीकचा उपसागर. सस्क्वेहाना नदी जिथे त्यात मिळते तिथल्या उथळ पाण्यावर एकेकाळी कॅनव्हासबॅक बदकांचे प्रचंड थवे उतरायचे. ती पाण्याखालच्या व्हॅलिस्नेरियाचे कंद खणून खायची. ज्यांच्या घरी मत्स्यालय आहे त्यांनी या वनस्पतीची भावंडं पाहिली असतील, फितीसारखी लांब पानं असतात. ही कंदांवर पोसलेली कॅनव्हासबॅक चवीला इतकी नावाजली की एकोणिसाव्या शतकात मोठ्या शहरांतल्या हॉटेलांसाठी धंदेवाईक शिकारी नावेवर तोफेएवढ्या बंदुका बसवून रात्री मारायचे. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने पक्ष्यांचा हा बाजार बंद पडला.

मग पाणीच बिघडलं. शेतातलं खत आणि माती वाहून पाणी गढूळ झालं, आणि जून १९७२मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुराने उरलीसुरली गवतंही गाडून टाकली. कॅनव्हासबॅकने खाणं बदललं, कंदाऐवजी चिखलातल्या बारीक शिंपल्या खायला लागलं. म्हणजे जगलं. पण संख्या पूर्वीची राहिली नाही, जागा बदलली आणि जुने शिकारी म्हणतात चवही गेली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकारीच्या नावा लागायच्या ते गाव आता लाकडी नकली बदकांच्या संग्रहालयासाठी ओळखलं जातं. २०००नंतर तिथलं पाणगवत बरंच परतलंय, ही त्यातली चांगली बातमी.

अंबाडी

चवीचा मुद्दा खरा आहे का? लहानपणी आजोबा म्हणायचे की अडई खावी, पण पाणकावळा कुणी खाऊ नये. (आयडीवाल्यांनी रागावू नये!)

पाणकावळा

😄 रागावलो नाही. उलट सुरक्षित वाटतंय.

कोलुसाकर

खरा आहे. भातावर आणि गवताच्या बियांवर पोसलेलं तलवार बदक इथे सगळ्यांत वरचं मानतात. मासे खाणारं मर्गान्सर कुणी घरी नेत नाही. थापट्याची तर इथे थट्टाच चालते. त्याच्या चोचीच्या कडांना बारीक कंगव्यासारखे दाते असतात. पाणी गाळून त्यातले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव तो खातो. म्हणून सांडपाण्याच्या तळ्यांवर थापटे हमखास. चार-सहा मिळून गोल गोल फिरतात, त्याने खालचं वर येतं. शिकारी त्याला हलका समजतात, तरी दिवसाच्या सात बदकांच्या मर्यादेत एखादं कमी पडलं की गुपचूप त्यावरच नेम धरतात.

आता मूळ प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग. पाणी वीतभरच आहे, तरी खाचर रिकामं, असं का? दोन कारणं मला पटली.

पहिलं, कापणीनंतर काय केलं. पूर्वी इथे पेंढा शेतातच जाळायचे. १९९१च्या कायद्याने ते टप्प्याटप्प्याने कमी करायला लावलं. मग पेंढा कुजवायचा कसा, तर हिवाळ्यात पाणी भरून. बदकांसाठी हे कुणी केलं नव्हतं. पण त्यातून खोऱ्यात लाखो एकर उथळ पाणी तयार झालं, आणि बदकांचे पाय चिखल तुडवून पेंढा कुजायला मदत करतात, म्हणून शेतकरीही खूश. मात्र ज्याने पाणी भरायच्या आधी खोल नांगरट केली त्याचं सांडलेलं भात मातीखाली गेलं. पाणी दिसतं, दाणा नाही. शिवाय आजची हार्वेस्टर यंत्रं पूर्वीइतकं सांडत नाहीत.

दुसरं, महिना. नोव्हेंबरात जे खाचर भरलेलं असतं ते जानेवारीत चाटूनपुसून साफ झालेलं असतं. लाखो तोंडं आहेत. जे शिकारी ‘मागच्या वेळी इथेच मिळाली होती’ म्हणत तिथेच बसतात ते रिकाम्या हाताने परततात.

दक्षिणवारा

यात एक भर. बदक हंगामाच्या शेवटी भूक बदलतं. कडाक्याच्या थंडीत त्याला ऊब हवी म्हणून भात, मका, ओकचं फळ, म्हणजे नुसतं पिष्ट. पण फेब्रुवारीपासून अंडी घालायची तयारी सुरू होते आणि मादीला प्रथिनं लागतात. मग ती चिखलातल्या लाल अळ्या, गोगलगायी, पाणकिडे शोधते. भाताच्या दाण्यात हे नाही. म्हणून भाताने ओसंडणारं शेत सोडून थवा एखाद्या कुजक्या पानांच्या डबक्यात जाऊन बसतो आणि लोक डोकं खाजवतात.

बरं, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्याही उशिरा लक्षात आली. पूर्वी मारलेल्या बदकाचा पेटा (कलेजी-पेट्यातला) फाडून आत काय सापडतं ते मोजायचे. कठीण बिया पेट्यात दिवसेंदिवस टिकतात आणि मऊ अळ्या काही मिनिटांत विरघळतात. साहजिकच बदक बियाच खातं असा समज झाला. पुढे लोकांनी नुकतंच खाताना मारलेल्या बदकाची अन्ननलिका तपासायला सुरुवात केली तेव्हा चित्र पालटलं.

गोदाकाठ

पेट्यावरून आठवलं, शिशाच्या छऱ्यांचं काय? बदकं खडे गिळतात ना दळायला?

कोलुसाकर

हो, आणि तळात पडलेले छरे त्यांना खड्यांसारखेच वाटायचे. पेट्यात दळून शिसं रक्तात भिनायचं आणि बदक न मारता मरायचं. गाजलेल्या शिकारीच्या जागा याच सगळ्यांत विषारी, कारण तिथेच वर्षानुवर्षं छरे पडलेले. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छरे १९९१पासून बंद. आता पोलादी वापरतात.

शाकाहारी_वाघ

एक व्यावहारिक शंका. खाणं टाकलं की बदकं येतात, मग शिकारी मक्याचं पोतं ओतून का बसत नाहीत?

कोलुसाकर

बेकायदा. आमिष टाकलेल्या जागी शिकार करता येत नाही, आणि आमिष पूर्ण उचलल्यावरही दहा दिवस ती जागा बंद. पण नेहमीच्या कापणीत सांडलेलं भात चालतं. उभं पीक बदकांसाठी आडवं करून त्यावर शिकार केली तर गुन्हा, आपोआप उगवलेलं रानगवत आडवं केलं तर नाही.

म्हणून क्लबवाले गवताची ‘शेती’ करतात. वसंतात तळं हळूहळू रिकामं करायचं. एप्रिलच्या सुमारास पाणी काढलं तर ओल्या चिखलात स्वॅम्प टिमथी नावाचं बुटकं गवत उगवतं. उशिरा काढलं आणि उन्हाळ्यात एखाद-दोन पाणी दिलं तर वॉटरग्रास, भगरीच्या भाईबंदांतलं, भातशेतकऱ्याचं जन्माचं वैरी तण. बी धरलं की शरदात पुन्हा वीतभर पाणी. भातात नसलेले पोषक घटक या बियांत आणि त्यांच्या कुजक्या काड्यांवर वाढणाऱ्या किड्यांत असतात, म्हणून जानेवारीत भात संपल्यावर बदकं इकडे वळतात. ज्या माणसाकडे पाण्याच्या दाराची किल्ली, शिकारीची जागा त्याचीच.

अर्थात दाराला पाणी असेल तर. २०२२च्या दुष्काळात खोऱ्यातली भाताची लागवड निम्म्यावर आली होती. त्या हिवाळ्यात जिथे पाणी होतं तिथे बदकं दाटीवाटीने कोंबलेली.

अंबाडी

आईबाबा फेब्रुवारीत बे एरियात आमच्याकडे येणार आहेत. बंदुकीचा आवाज नको, पण हे सगळं बघायचंय. कुठे न्यावं? बाबांना फार चालवत नाही.

कोलुसाकर

अंबाडीताई, फेब्रुवारी उत्तम, तोवर बदकांचा नेहमीचा हंगाम संपलेला असतो. विलोजजवळच्या सॅक्रामेंटो रेफ्यूजमध्ये सहा मैलांचा गाडीरस्ता आहे. ठरलेले थांबे सोडून गाडीतून उतरायचं नाही, खिडकीतूनच बघायचं, कारण माणूस दिसला की उडतात आणि गाडीला भीत नाहीत. त्यामुळे बाबांना चालायची गरजच नाही. दुर्बीण एक तरी घ्या. खोल मोठ्या तळ्यापाशी रेंगाळू नका, जिथे पाण्यातून गवताच्या काड्या वर आलेल्या दिसतील तिथे गाडी थांबवा. संध्याकाळी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी कोलुसा बाजूच्या भातरस्त्यांवर आलात तर थवे उठताना दिसतील. तिथे रस्त्याकडेला चिखल भयंकर असतो, गाडी डांबरावरच ठेवा.